मुंबईचे आरंभीचे टपाल : व्यवस्था आणि शब्द

मुंबई बेटावर टपालकचेरी स्थापावी, असा आदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी इ. स. १६८८ मध्ये दिला. तथापि तिचे प्रयोजन मुख्यतः कंपनीच्या कागदपत्रांपुरतेच होते. सरकारी डाकेतून खाजगी पत्रे नेण्याची सोय वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये १७७४ साली केली. मुंबईत जनरल पोस्ट ऑफिस निघण्यास १७९४ साल उजाडावे लागले.

तोपर्यंत शहराचा पत्रव्यवहार अडून राहिला होता असे मात्र नव्हे. पेढीवाले आपापले कासीद बाळगीत. घाटावर मराठी दरबारांच्या जासूद-हलकाऱ्यांची व सांडणीस्वारांची जुनी परंपरा होती. पश्चिम किनाऱ्यावरील युरोपीय कागदपत्रांत ‘पट्टमार’ हा एकच शब्द पायी धावणाऱ्या निरोप्यासही लावलेला आढळतो आणि शिडाच्या गलबतासही. मराठीत त्यांपैकी गलबताचा अर्थ तेवढा ‘पतेमारी’ या रूपाने टिकला.

खुद्द ‘टपाल’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. उत्तर हिंदुस्थानात ‘डाक’ रूढ झाला. मराठीत व दक्षिणेकडील भाषांत ‘टपाल’. जॉन बीम्सने त्याची फोड ‘टप्पा’ म्हणजे शिक्का आणि ‘आलय’ अशी करून ‘पत्रांवर शिक्का मारण्याचे घर’ असा मूळ अर्थ सुचविला. मराठी वाचकास ‘टप्पा’ म्हटले की मजलच प्रथम आठवेल, कारण हलकारा ठरावीक टप्प्यावर आपली थैली दुसऱ्याच्या हवाली करी. ही कल्पना मोहक खरी. परंतु अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असे होत नाही. शब्दान्तीच्या ‘ल’काराचा उलगडा तिने होत नाही, बीम्सच्या मताने निदान तसा प्रयत्न तरी होतो.

१८३७ च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला व खाजगी डाकेस बंदी झाली. व्यापाऱ्यांचे कासीद गेले, पण त्यांच्या जागी आलेली व्यवस्था सर्वांच्या आवाक्यातील नव्हती. हशील अंतरावर आकारले जाई. कलकत्त्याहून मुंबईस येणाऱ्या एक तोळा वजनाच्या पत्रास एक रुपया पडे. त्या काळी एवढी रक्कम खर्चून क्षेमसमाचार कोण धाडणार?

हे चित्र १ ऑक्टोबर १८५४ पासून पालटले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अंतर कितीही असो, अर्धा आणा पुरेसा झाला आणि देशभर चिकटवावयाची तिकिटे आली. (सिंध प्रांतात बार्टल फ्रिअरने अशी तिकिटे १८५२ मध्येच काढली होती. पुढे हाच फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत किल्ल्याचा कोट पडून शहर मोकळे झाले.) तिकीट न लावता टाकलेल्या पत्राचा दंड घेणाऱ्याच्या माथी बसे. अशा पत्रास हिंदीने इंग्रजी ‘बेअरिंग’वरून ‘बैरंग’ म्हटले, तर मराठीने ‘नॉटपेड’. दोन शेजारी भाषांनी एकाच कचेरीतून दोन निराळे शब्द उचलावेत, हे मौजेचे आहे.

१८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. एवढ्या लोकांत नेमका माणूस शोधून काढणे हे टपालवाल्यापुढचे खरे संकट होते. जुन्या मराठी पत्रात मायना सविस्तर असे, कारण जासुदास माणूस ठाऊक असे. घर सांगण्याची गरजच नसे. आता पत्र अनोळखी हातांतून जाऊ लागल्यावर व्यक्तीच्या थोरवीपेक्षा तिचे ठिकाण महत्त्वाचे ठरले. माग किंवा ठावठिकाणा या अर्थी बोलीत असलेला ‘पत्ता’ हा शब्द लिफाफ्यावर येऊन बसला, त्यामागे हीच निकड असली पाहिजे.

१८६३ मध्ये भोर घाटातून आगगाडी गेली, तेव्हा पुण्याकडील टपालाचा वेग वाढला. कोकणास रेल्वे नव्हती. तेथे जहाज व धावपी यांचीच भिस्त राहिली. तरीही पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये निघाले, १८८० पासून मनिऑर्डरी पोस्टातून जाऊ लागल्या, आणि गिरणगावातील रत्नागिरीकर कामगाराची मिळकत त्याच वाटेने गावी पोहोचू लागली. घरी वाचणारे कोणी नसले, तर सोबतचा मजकूरही अनेकदा पोस्टमनच वाचून दाखवी.