कागदावरचा रंग, दोन तापांतून जाणारा

धुळ्याहून नवापूर, सोनगड, बारडोली करत सुरतेला जाणारी गाडी शहराच्या अलीकडे कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडते. हा सगळा भाग कापड रंगाई-छपाईचा. इथल्या पॉलिएस्टर साडीवरचं फूल आता पुष्कळदा आधी कागदावर उमटतं आणि मग कापडावर जातं. या पद्धतीला सब्लिमेशन म्हणतात. तिच्यात कागदाला उष्णता दोनदा मिळते, आणि दोन्ही वेळची कामं अगदी उलट असतात.

शाई पाण्याची असते. पाण्यात डिस्पर्स रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेले असतात. ते विरघळलेले नसतात, म्हणून खाली बसू नयेत यासाठी त्यात आणखी एक द्रव्य घालतात. छपाई मशीनचं नोझल सुकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलही असतं. कागदावर पातळ लेप असतो. तो पाणी खाली शोषून घेतो आणि रंग वरच धरतो. साधा कागद रंग पोटात ओढतो, आणि पोटात गेलेला रंग पुढे कापडाला नीट मिळत नाही. डिझाइन छापायचं ते आरशातल्यासारखं उलटं.

पहिला ताप मशीनवरच मिळतो. छपाई होताच कागद हीटरवरून आणि गरम हवेतून जातो. इथे फक्त पाणी उडवायचं असतं, रंगाला जाग येऊ द्यायची नसते. म्हणून हा ताप बेताचाच ठेवतात. तो कमी पडला तर कागद ओलसर राहतो, आणि रोल गुंडाळला की एका थराचा रंग वरच्या थराच्या पाठीला लागतो. ताप जास्त झाला तर कागद आकसतो, कडा वळतात आणि वर आलेली कड शाई फवारणाऱ्या हेडला घासते. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असतो, तेव्हा कोरडेपणाचं हे गणित रोज नव्याने बसवावं लागतं. माझ्या मते या धंद्यातलं खरं कसब इथेच आहे, जरी बघणाऱ्याचं लक्ष पुढच्या मोठ्या ड्रमकडे जात असलं तरी. वाळलेला छाप दिसायला अगदी फिका असतो. नवखा माणूस तो पाहून शाई बिघडली असं समजतो.

मग येतो दुसरा ताप. आतून तेलाने तापवलेल्या ड्रमभोवती फेल्टचा जाड पट्टा फिरत असतो. ड्रम आणि फेल्ट यांच्यामध्ये कागद आणि कापड तोंडाला तोंड लावून सरकतात. तापमान साधारण २०० ते २१० अंश सेल्सिअस, वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास. या उष्णतेत रंग वितळून वाहत नाही, तो सरळ वाफ होतो. पॉलिएस्टरचे रेणू ७०-८० अंशांपुढेच सैल व्हायला लागलेले असतात, आणि इतक्या उष्णतेत धाग्यात रंगाला पुरेशी वाट मिळते. वाफ आत शिरते. कापड थंड झालं की वाट मिटते आणि रंग आत अडकतो. मघाचं फिकं फूल कापडावर एकदम झळाळतं. सुती धाग्यात अशी वाट नसते, म्हणून सुती कापडावर हा रंग टिकत नाही.

पहिल्या तापात पाणी राहून गेलं असेल तर ते इथे उकळून वाफ होतं आणि नक्षीच्या कडा धूसर करतं. ड्रम थंड असेल तर काळा पुरता काळा होत नाही. फार गरम असेल तर कापड कडक पडतं, आणि रंग कापडाच्या आरपार जाऊन फेल्टवर बसतो. तो डाग मग पुढच्या ताक्यावर उतरतो. हे टाळायला कापड आणि फेल्ट यांच्यात एक कोरा कागद चालवतात.

उष्णतेने मिटलेली ही वाट उष्णतेने पुन्हा उघडू शकते. इस्त्रीवरच्या तीन ठिपक्यांचा अर्थ सुमारे २०० अंश, म्हणजे जवळपास ड्रमचंच तापमान. म्हणून अशा साडीला इस्त्री करताना एकाच ठिपक्यावर ठेवा, आणि खाली पांढरं पॉलिएस्टर कापड अंथरू नका. तीन ठिपक्यांवर इस्त्री थोडी जास्त वेळ टेकली, तर साडीवरचं फूल त्या कापडावरही उमटू शकतं.