बिळातल्या माशीला नाव हवं

गेल्या पावसाळ्यात शाहूवाडीकडच्या एका वाडीवरून सात वर्षांचा मुलगा तापाने फणफणलेल्या अवस्थेत आमच्या वॉर्डात आला. सोबत त्याची आजी होती. नेहमीप्रमाणे मी विचारलं, ‘‘घरात डास आहेत का?’’ आजी म्हणाली, ‘‘डास न्हवं, डॉक्टरसाहेब. लई बारकं हाय. आवाज न्हाई, काय न्हाई. पंख वर करून नुसतं उड्या मारतंय. गोठ्यामागं घुशीची बिळं हाईत, सांजच्याला तिथनंच भाईर येतंय.’’

मुलाच्या तापाचं कारण वेगळंच निघालं आणि पाचव्या दिवशी तो हसत घरी गेला. पण आजीचं वर्णन कीटकशास्त्राच्या पुस्तकात शोभावं इतकं नेमकं होतं. ती सांगत होती ती वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय.

ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. अंगभर लव, बसताना पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे उभारलेले. उडण्यापेक्षा टुणटुणत जाणंच जास्त. चावते फक्त मादी, तीही बहुतेक वेळा संध्याकाळनंतर. डासासारखं हिला साचलेलं पाणी लागत नाही. तिच्या अळ्या ओलसर मातीत, शेणात, कुजलेल्या पालापाचोळ्यात वाढतात.

अशा माशीला बिळासारखी जागा शोधून सापडणार नाही. बाहेर रणरणतं ऊन असो की डोंगरावरचा गार वारा, आत ओल आणि उष्णता फारशी बदलत नाही. अंधार असतो. लेंड्या आणि पाचोळा हे अळ्यांचं अन्न जागेवर असतं, आणि मादीला लागणारं रक्त बिळाच्या मालकाच्या अंगात असतं. घूस, उंदीर, साळिंदर यांची बिळं आणि जुनी वारुळं म्हणूनच संशोधकांना खुणावतात. एरंडेल तेल लावलेला कागद संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी ठेवायचा आणि सकाळी त्याला चिकटलेल्या माश्या ब्रशने अलगद सोडवायच्या, ही पद्धत जुनी असली तरी आजही वापरात आहे.

खरं काम पुढे प्रयोगशाळेत असतं. नुसत्या डोळ्यांना सगळ्या वाळूमाश्या सारख्याच दिसतात. म्हणून माशी रसायनात पारदर्शक करून काचपट्टीवर बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या घशातले दात, मादीच्या पोटातली शुक्राणू साठवायची पिशवी आणि नराचे जननअवयव पाहतात. आता जोडीला डीएनए तपासणीही असते. आजवर नोंदलेल्या एकाही प्रजातीशी हे सारं जुळलं नाही, तरच नवी प्रजाती जाहीर करता येते. ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो कायमचा जपून ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कुणालाही पडताळा घेता येतो.

आपल्याकडे हे काम शंभर वर्षांहून जुनं आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१० मध्ये एका वाळूमाशीचं नाव चक्क ‘बाबू’ ठेवलं. १९२७ मध्ये यंग आणि चलम यांनी वर्णन केलेल्या एका प्रजातीच्या नावात आपला कुलाबा आहे. अलीकडच्या वर्षांत पश्चिम घाटातूनच ‘फ्लेबोटोमस अजिथी’ ही नवी प्रजाती नोंदवली गेली. म्हणजे सह्याद्रीतली यादी अजून पूर्ण झालेली नाही.

‘डॉक्टर, माशीच्या नावाशी तुमचा काय संबंध?’ असं कुणी विचारेल. उत्तर आपल्याच राज्यात आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुरा गावात तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या संशोधकांनी त्याला गावाचं नाव दिलं. पुढे औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाश्यांतही तो मिळाला. १९७० मध्ये ते प्रसिद्ध झालं, पण माश्यांची ओळख ‘फ्लेबोटोमस गटातल्या’ एवढीच राहिली. हा विषाणू बराच काळ किरकोळ तापाचा समजला जाई. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूच्या तापाने आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली, आणि तपासात हाच विषाणू सापडला. २०२४ मध्ये गुजरात आणि आसपासच्या भागात मेंदूच्या तापाचे २४५ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ६४ जणांना चांदिपुरा असल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालं. या आजारावर अजून ना लस आहे, ना खास औषध. मग हाती उरतो तो माशीचा बंदोबस्त, आणि त्यासाठी माशी कोणती हे कळायला हवं.

कारण प्रत्येक प्रजातीच्या सवयी वेगळ्या. घराच्या भिंतीवर विसावणारी माशी भिंतीवरच्या फवारणीने मरते. बिळात राहणारीला त्या फवारणीचा पत्ताही लागत नाही. मध्य आशियात, तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात, त्वचेवर व्रण उठवणाऱ्या लीशमनिया रोगाचं मूळ मोठ्या वाळवंटी उंदरांत आणि त्यांच्या बिळांतल्या वाळूमाश्यांत असल्याचं १९४१ मध्ये रशियन संशोधकांनी दाखवलं. तेव्हा कुठे बिळांकडे मोर्चा वळला. काळा आजाराचंही तसंच. तो ‘अर्जेंटिपिस’ माशीच्या चाव्याने होतो हे १९४२ मध्ये सिद्ध झालं. ही माशी आपल्याकडेही आहे, पण काळा आजाराचं ठाण बिहार, झारखंड, बंगालकडे. २०१० मध्ये एका अभ्यासकाने मांडलं, की एकच समजली जाणारी ही माशी प्रत्यक्षात तीन प्रजातींची आहे. त्यांतली कुठली माणसाला चावते आणि कुठली गुरांवर भागवते, यावर रोगाचा नकाशा बदलू शकतो.

वाचकांनी घाबरू नये. प्रत्येक वाळूमाशी रोग पसरवत नाही. अनेक प्रजाती तर सरडे-पालींच्या रक्तावर जगतात. पण डोंगरकपारीच्या वस्तीत थोडी काळजी घ्यावी. भिंतींच्या भेगा लिंपाव्यात. घरालगतची घुशी-उंदरांची बिळं बुजवावीत, मात्र रानातल्या बिळांना हात लावू नये. उकिरडा घरापासून दूर ठेवावा. लहान मुलांना जमिनीवर उघडं झोपवू नये. साध्या मच्छरदाणीतून ही माशी आत शिरते, म्हणून बारीक जाळीची किंवा औषध लावलेली मच्छरदाणी घ्यावी. आणि मुलाला अचानक खूप ताप येऊन उलट्या, झटके किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. चांदिपुरात २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो.

आजीला मी घरी जाताना बिळं बुजवायला सांगितलं. तिने विचारलं, ‘‘त्या किड्याचं नाव काय म्हणायचं?’’ मी ‘वाळूमाशी’ एवढंच सांगू शकलो. तिच्या गोठ्यामागची नेमकी प्रजाती कुठली, हे सांगायला सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास डोळा लावून बसणारी माणसं लागतात. तुमच्या घरातल्या जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलाने उद्या ‘मला माश्यांवर काम करायचंय’ म्हटलं, तर त्याला हसू नका. आमच्या वॉर्डाला त्याची गरज आहे.