पहिली कादंबरी आणि तरुण वाचक

मराठीत बालसाहित्याचे दालन वेगळे, प्रौढांच्या कादंबरीचे वेगळे. मधल्या वयाच्या, शिक्षण आणि नोकरी यांच्यामध्ये अडकलेल्या तरुणाची गोष्ट बहुधा नवा लेखकच आपल्या पहिल्या कादंबरीत सांगतो. कारण उघड आहे. त्याच्याजवळ दुसरे भांडवल नसते. जे पाहिले, भोगले तेच तो लिहितो.

१९६३ साली ‘कोसला’ प्रसिद्ध झाली तेव्हा भालचंद्र नेमाडे २५ वर्षांचे होते. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही कहाणी बोलण्याच्या लयीत आली आणि मराठी कादंबरीला नवे वळण मिळाले.

२०१७ साली नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ आली. सांगली जिल्ह्यातील दुष्काळी जत तालुक्यात गरिबीशी झगडत शिकणाऱ्या तरुणाची ही कथा तिथल्याच बोलीत आहे. २०१८ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराची रक्कम ५० हजार रुपये. पुढे गोरे आपल्याच नगर जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवीत होते. २०२० च्या टाळेबंदीत ते काम थांबले आणि या लेखकाला शेतमजुरीला जावे लागले.

सन्मानाने पोट भरत नाही. नव्या लेखकाला वाचकाचा आधार लागतो. म्हणून आम्ही सुचवितो की, सोनई परिसरातील तरुणांनी अशी पुस्तके विकत घ्यावीत, निदान ग्रंथालयात मागावीत. आपल्याकडेही उसाच्या फडात राबून शिकणारी मुले आहेत. प्रमाणभाषा येत नाही म्हणून त्यांनी वही मिटून ठेवू नये.