टिंग टिंग! ऑलिम्पिकची सायकल सुटली!

आंधळगाव म्हटलं की कोसा रेशीम! पण आज माग जरा थांबवा, स्टँड काढा आणि मारा पायडल. ही राइड थेट अथेन्सला जाते.

फुल अटेंडन्स! माहीत आहे का? १८९६च्या अथेन्समधल्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून आजवर एकही उन्हाळी ऑलिम्पिक सायकलिंगशिवाय झालेलं नाही.

आधी सही, मग यू-टर्न. पहिली रोड रेस अथेन्स ते मॅरेथॉन आणि परत, ८७ किलोमीटर. मॅरेथॉनला पोचलं की कागदावर सही करायची, मगच हँडल वळवायचं! ग्रीसच्या कॉन्स्टँटिनिदिसची सायकल वाटेत बिघडली. गडी दुसऱ्या सायकलवर बसला, पडला, उठला आणि गोल्ड घेऊन गेला.

बारा तास, नो ब्रेक! त्याच ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाच्या अडोल्फ श्मालने १२ तासांत जवळपास ३१५ किलोमीटर कापले. म्हणजे भंडारा ते नागपूर, तब्बल पाच वेळा! शेवटपर्यंत टिकले फक्त दोघं. दुसरा फ्रेडरिक कीपिंग, अथेन्सच्या ब्रिटिश वकिलातीतला नोकर. हरला तो केवळ एका फेरीने.

दिलदार नंबर वन. तिथल्याच १०० किलोमीटरच्या शर्यतीत ट्रॅकला ३०० फेऱ्या. ग्रीसच्या कोलेटिसची सायकल बिघडली, तर फ्रान्सचा लिऑन फ्लामाँ चक्क थांबला त्याच्यासाठी! पुढे स्वतः पडला, तरी पहिला आलाच. सलाम, साहेब!

हवा गुल, मेडल गुल! १९०८, लंडन. स्प्रिंटच्या फायनलला दोघांची चाकं पंक्चर. उरलेले दोघं इतके रेंगाळले की वेळेची मर्यादाच उलटली. शर्यत रद्द, मेडल कुणालाच नाही!

रात्रीचे दोन. १९१२ला स्टॉकहोममध्ये ३०० किलोमीटरहून लांब रोड रेस सुरू झाली, ती मध्यरात्रीनंतर २ वाजता. दक्षिण आफ्रिकेचा रुडॉल्फ लुईस जिंकला. वेळ? साडेदहा तासांहून जास्त!

आणि आपण? १९३८च्या सिडनी एम्पायर गेम्समध्ये (आजचे कॉमनवेल्थ गेम्स) भारताकडून सायकल हाणली जानकीदास यांनी. हो, तेच, पुढे हिंदी सिनेमात दिसलेले! १९४६ला मुंबईच्या सोहराब भूत यांच्या साथीने त्यांनी सायकलपटूंची राष्ट्रीय संघटना उभारली. दोनच वर्षांनी भारतीय सायकलपटू लंडन ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर! १९५१ला दिल्लीत पहिले एशियाड भरले, तिथेही सायकलिंग होतंच.

राजा कोण? मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणारा ठरतो ‘घाटाचा राजा’. मुकुट नाही, पण मान राजाचाच!

राणीला मात्र उशीर. माहीत आहे का, बायकांना ऑलिम्पिक सायकलिंगचं दार उघडायला तब्बल ८८ वर्षं लागली? १९८४, लॉस एंजेलिस. पहिलं गोल्ड अमेरिकेच्या कॉनी कारपेंटरचं. ही पोरगी १४ व्या वर्षीच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्केटिंग करून आली होती!

तेव्हा आंधळगावच्या पोरींनो, शाळेची सायकल नुसती शाळेपुरती ठेवू नका. दार उघडं आहे. दामटा!