संगणक वारंवार बंद पडणे आणि हार्ड डिस्कचा दोष

एप्रिलच्या अखेरीस निकालपत्रके तयार करण्याची घाई चाललेली असते. अशा वेळी शाळेतील संगणक एकाएकी स्तब्ध होतो. बाण हलत नाही, कळफलक दाद देत नाही, थोड्या वेळाने पडदा निळा होतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊ लागते. असे दोन-चार वेळा घडले की शाळेत बहुधा एकच निदान केले जाते : ‘व्हायरस लागला’. मग तालुक्याच्या ठिकाणाहून एखादा कारागीर बोलाविला जातो, तो संगणक ‘फॉरमॅट’ करतो, आणि पाच-सहा वर्षांच्या गुणनोंदी, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, टंकलिखित प्रश्नपत्रिका हे सारे एका तासात पुसले जाते. महिना उलटतो न उलटतो तोच तोच निळा पडदा पुन्हा पुढे उभा राहतो. दोष आज्ञावलीत नसून हार्ड डिस्कमध्येच असला म्हणजे असे घडते. निदान चुकले म्हणून औषध चुकले, आणि त्या औषधाने जे गेले ते मात्र परत येत नाही. यास्तव हा दोष ओळखावा कसा व ओळखल्यावर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे प्रत्येक शाळेत निदान एका शिक्षकास तरी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हार्ड डिस्क हे साधन १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने प्रथम बाजारात आणले. त्यात सुमारे दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, यंत्राचे वजन एक टनाहून अधिक होते, आणि त्यावर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते. तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यावरून एक सूक्ष्म शीर्ष सरकत जाऊन लेखन व वाचन करते. टेबलावरील संगणकातील सर्वसाधारण डिस्क मिनिटास ७,२०० फेरे घेते. म्हणजे तबकडीच्या काठाचा वेग ताशी १२० किलोमीटरांहून अधिक होतो. या वेगात शीर्ष तबकडीला टेकत नाही, तर हवेच्या पातळ थरावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस यापेक्षा हजारो पट जाड असतो. वर्गातील खडूची धूळ तर या मानाने डोंगरच म्हणावी लागेल. डिस्कचे आवरण शाळेत उघडून पाहण्याचा मोह कोणी का धरू नये, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

तबकडीवरील जागा लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एका सेक्टरात ५१२ बाइट, तर नव्यांत बहुधा ४,०९६ बाइट राहतात. एखादा सेक्टर झिजला की त्यातील मजकूर वाचता येत नाही. डिस्क हार न मानता तोच सेक्टर पुनःपुन्हा वाचून पाहते, आणि तोवर संगणक तिची वाट पाहत थांबतो. शिक्षकांना दिसणारी ती ‘गोठलेली’ अवस्था बहुधा हीच होय.

येथे एक शंका सहज येते. एका फाइलीचा सेक्टर बिघडला तर ती एक फाइल उघडणार नाही. संपूर्ण यंत्र का कोसळावे? याचे कारण असे की डिस्क ही केवळ फाइलींचे कपाट नव्हे. संगणकाची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी पडू लागली की कार्यप्रणाली स्मृतीतील काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते व गरज लागताच परत आणते. परत आणण्याच्या क्षणी नेमका तोच सेक्टर वाचता आला नाही तर कार्यप्रणालीच्या पायाखालची फळी निसटते, आणि चुकीचे काही लिहिले जाण्यापेक्षा यंत्र थांबविणे तिला अधिक सुरक्षित वाटते. निळ्या पडद्यावर ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ अशी अक्षरे दिसली तर संशय प्रथम डिस्कवरच घ्यावा. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ या अक्षरांचा अर्थ, ज्या डिस्कवरून सुरुवात व्हावयाची तीच सापडली नाही, असा होतो. ही अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत अथवा भ्रमणध्वनीने त्यांचे छायाचित्र घ्यावे. कोसळण्याचा वृत्तान्त संगणक एरव्ही स्वतःच डिस्कवर नोंदवून ठेवतो. पण डिस्कच आजारी असली तर तो लिहिला जातोच असे नाही. वारंवार कोसळूनही कोठे नोंद नसणे हादेखील एक पुरावाच समजावा.

आता एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. डिस्क ‘बिघडणे’ आणि डिस्कवरील मांडणी ‘विस्कटणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लेखन चालू असता वीज गेली की नोंदी अर्ध्या राहतात; डिस्क धडधाकट असते, परंतु कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका चुकते. भारनियमन असलेल्या गावांत आणि बॅटरीचा यूपीएस निकामी होऊन पडलेल्या शाळांत हा प्रकार फार. याला ‘चेकडिस्क’ ही विंडोजमधील सोय पुरेशी असते. याउलट डिस्कच झिजली असेल तर हीच सोय घातक ठरू शकते, कारण तिच्या सखोल तपासणीत तबकडीचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो आणि मरणपंथास लागलेल्या यंत्रावर तासन् तास ताण पडतो. शिवाय तुटलेल्या फाइलींचे तुकडे ती निनावी करून एका निराळ्या फोल्डरमध्ये टाकते. त्यांतून इयत्ता तिसरीची गुणपत्रिका शोधून काढणे हे काम किती जिकिरीचे आहे, ते ज्याने केले असेल त्यालाच ठाऊक!

म्हणून दोषाचा संशय येताच पहिले काम तपासणीचे नव्हे, तर नक्कल करण्याचे. संगणक सुरू होत असेल तर नवे काही न लिहिता, नवी आज्ञावली न बसविता, अत्यंत आवश्यक फाइली प्रथम बाह्य डिस्कवर अथवा पेनड्राइव्हवर उतरवाव्यात. आधी नोंदी, मग छायाचित्रे, चलच्चित्रे सर्वांत शेवटी. एखादी फाइल अडली तर तिच्याशी झगडत न बसता पुढे जावे. विंडोज सुरूच होत नसेल तर लिनक्स प्रणाली भरलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करता येतो व पुष्कळदा त्यातून फाइली वाचता येतात. जाणत्या माणसाकडे ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे मोफत साधन असते. ते डिस्कचा चांगला भाग प्रथम उतरवून घेते आणि वाईट भागाकडे नंतर वळते. नक्कल मूळ डिस्कवर मात्र कधीही करू नये.

फाइली हाती आल्यावर मग निदान. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते. या सोयीचे नाव ‘स्मार्ट’. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ या मोफत आज्ञावलीने ती नोंद विंडोजवर वाचता येते. तीत अनेक ओळी असल्या तरी तीनच महत्त्वाच्या मानाव्यात. ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ म्हणजे बाद ठरवून त्याऐवजी राखीव जागा दिलेले सेक्टर; ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचता न आलेले, अद्याप निर्णय न झालेले सेक्टर. हे आकडे शून्य असावेत. शून्य नसून आठवड्या-आठवड्याने वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले असे समजावे. हे आकडे तेथे सहसा षोडशमान पद्धतीने लिहिलेले असतात, म्हणून ‘१०’ दिसले तर ते सोळा होत. तिसरी ओळ ‘सीआरसी एरर’ची. ती वाढत असेल आणि पहिल्या दोन शून्य असतील तर डिस्कऐवजी तिची जोडतार सैल अथवा खराब असण्याचा संभव अधिक. थोड्या पैशांची तार बदलून भागत असता नवी डिस्क विकत घेणे हा निव्वळ अपव्यय होय.

तथापि ‘स्मार्ट’ निर्दोष म्हणजे डिस्क निर्दोष, असे मुळीच नाही. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठतपासणीत पहिला दोष आढळल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या मानाने ३९ पट असल्याचे त्यात दिसून आले. पण त्याच अभ्यासात, कसलीही पूर्वसूचना न देता निकामी झालेल्या डिस्कही मोठ्या संख्येने आढळल्या. यास्तव कानांचाही उपयोग करावा. तालबद्ध ‘टक् टक्’ अथवा खरखर ऐकू आली तर संगणक तत्काळ बंद करावा. त्यानंतरचा प्रत्येक मिनिट नुकसान वाढवितो. डिस्क शीतकपाटात ठेवणे, तिच्यावर टिचकी मारणे हे ऐकीव उपाय करू नयेत.

संशयित एकटी डिस्कच नसते, हेही खरे. रॅममधील दोष, साचलेल्या धुळीने चढलेली उष्णता, वीज पुरविणाऱ्या पेटीचा बिघाड यांनीही पडदा निळा होतो. दुसऱ्या प्रणालीच्या पेनड्राइव्हवर संगणक तासभर सुरळीत चालला आणि मूळ डिस्कवर येताच कोसळू लागला, तर रोख डिस्ककडे अथवा तिच्यावरील प्रणालीकडे वळतो. दोन्हीकडे कोसळत असेल तर विंडोजमधील स्मृतितपासणी करून पाहावी.

नव्या संगणकांत तबकडीऐवजी एसएसडी असते. ती आवाज करीत नाही, धक्के सोसते, वेगवान असते; परंतु जाताना पुष्कळदा एकाएकी जाते, आणि तिच्यातून फाइली परत मिळविणे तबकडीपेक्षाही अवघड पडते. एसएसडी आली म्हणून नकलेची गरज संपली, हा समज काही शाळांत रुजू पाहत आहे. तो वेळीच दूर व्हावा. नोंदींची एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर अशी व्यवस्था असावी. बाह्य डिस्क सदैव संगणकास जोडून ठेवू नये. विजेचा लोळ आला तर दोन्ही एकदमच जातील.

डिस्क बदलल्यावर जुनी डिस्क कपाटात टाकून देण्याची प्रथा आहे. तिच्यावर मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे पत्ते, आधार क्रमांक असतात, आणि संगणकाला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्या कोणाला वाचता येऊ शकते. डेडस्टॉक नोंदवहीतील निर्लेखनाची रीतसर कार्यवाही होईपर्यंत ती मुख्याध्यापकांच्या कुलपात राहावी. मंजुरी मिळाल्यावर ती भंगारात जशीच्या तशी न देता, आतील तबकड्यांना आरपार भोके पाडून मगच द्यावी. दुरुस्तीस आलेल्या कारागिराने जुनी डिस्क सोबत नेण्याची तयारी दर्शविली तरी ती त्याच्या हवाली करू नये.