सागवानी पेटीवर ढोकरा हत्ती

गडचिरोलीतल्या आलापल्लीचा सागवान म्हणजे लाकूडकामाची श्रीमंती. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचाच सागवान गेला. अशा लाकडाच्या पेटीला बाजारू प्लास्टिकची मूठ शोभत नाही. तिच्यावर ढोकरा मूर्तीच हवी!

ढोकरा ही पितळ ओतण्याची कला शेजारीच आहे. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादच्या ढोकरा कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पूर्वेकडे हीच कला करणारे बस्तरचे घडवा कारागीर आहेत. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे वळवून नक्षी, वरून मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या जागी पितळेचा रस. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक हत्ती वेगळा.

मूर्ती बसवताना नुसत्या डिंकावर विसंबू नये. सागवान तेलकट असतो, धातूवरची पकड झाकण उचलता-उचलता सुटते. मूर्तीचा तळ कानशीने सपाट करावा आणि भरीव पितळेतच 3.3 मिमी भोक पाडून 4 मिमी स्क्रूचे आटे पाडावेत. पोकळ पायात आतली माती निघते, आटे टिकत नाहीत. स्क्रू झाकणाच्या आतून, रुंद वायसर घालून कसावा.

दोन स्क्रू असतील तर ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओळीत घ्यावेत. पावसाळ्यात फळी रेषांना आडवी फुगते. आडव्या ओळीतले स्क्रू तिला अडवतात आणि झाकण तडकू शकते.

मूर्ती घेताना कारागिराकडूनच घ्या, आणि तळ भरीव ओतायला आधीच सांगा.