मनीला गूळ का कळत नाही

आमच्या नायगावात कडू गोळीवर एकच उतारा, गूळ. लेकराला ताप आला की गोळी कुटायची, गुळाच्या खड्यात दडवायची आणि तोंडात सारायची. आमच्या मांजरीसाठी, मनीसाठी, पशुवैद्यांनी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा आजी म्हणाली, "गुळात दे की. लेकराला देतो तसंच." मनीनं गूळ हुंगला आणि तोंड फिरवलं.

तिला गोड कळतच नाही! गोड चव ओळखायला दोन जनुकं लागतात, आणि त्यातलं एक मांजरकुळात केव्हाच निकामी झालंय. अमेरिकेतल्या मोनेल केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे दाखवलं. वाघ आणि चित्ताही त्यात आले. म्हणजे ताडोबाच्या वाघापुढे गुळाची अख्खी भेली ठेवली तरी त्याला ती गोड लागायची नाही. कडू मात्र मनीला चोख कळतं. गोळी जिभेवर विरघळली की तोंडाला फेस येतो, लाळेच्या तारा लोंबतात. बघणाऱ्याला वाटतं विषबाधाच झाली, पण बहुतेकदा तो नुसता कडूपणा असतो.

मग गोळी द्यायची कशी? आमचा मुलूख लाल कंधारी बैलांचा. बैलाला काढा पाजायची बांबूची तिरपी कापलेली नळी जुन्या घरांतून असायचीच, आणि जाणती माणसं बजावायची, मान फार वर ओढू नका, औषध फुप्फुसात जाईल. तीन किलोच्या मनीलाही हाच नियम. टॉवेलात गळ्यापर्यंत गुंडाळायचं, मागून धरायचं, एका हातानं डोकं थोडं वर, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडायचा आणि गोळी जिभेच्या पार मुळाशी टाकायची. गोळीला तुपाचं बोट लावलं तर ती चटकन सरकते. दुधातून मात्र ही गोळी देऊ नये, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. मांजरानं नाक चाटलं की समजावं, गिळलं.

गिळलं, पण पोटात पोचलं का? २००१ मध्ये ३० मांजरांना गोळ्या देऊन एक्स-रेनं पाहिलं गेलं. कोरडी दिलेली गोळी पाच मिनिटांनंतरही बहुतेक मांजरांच्या अन्ननलिकेतच अडकलेली होती! पाठोपाठ ६ मिलिलिटर पाणी दिलं की ती खाली उतरत होती. डॉक्सिसायक्लिन तर अडकलं तिथं भाजू शकतं, जखम होऊन पुढे अन्ननलिका अरुंद होऊ शकते. म्हणून सुई काढलेल्या सिरिंजनं, गालाच्या बाजूनं, थेंब थेंब पाणी द्यायचंच.

पण मला सगळ्यात थक्क केलं ते मनीच्या यकृतानं. आपलं यकृत नको त्या रसायनाला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देतं, मग ते पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जातं. पॅरासिटामॉलला ही जोड देणारं मुख्य विकर मांजरात बनतच नाही, त्याचं जनुक मोडकं आहे. सिंह-बिबट्यांतही तेच. झाडपाला खाणाऱ्यांना वनस्पतींतली विषं रोज पचवावी लागतात. निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला त्या यंत्राची गरज उरली नसावी, आणि ते गंजून गेलं. पॅरासिटामॉलच्या ज्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीनं आपला ताप उतरतो, तीच एक मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त तपकिरी पडतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड सुजतं. गोचिडांवरच्या पर्मेथ्रिनसारख्या औषधांचंही तसंच. ती बैलाला सोसतात, मांजराला नाही. आणि मनी तर अंगाला लागलेलं सगळं चाटूनच काढते.

म्हणून मला तिच्या हट्टाचा आता राग येत नाही. बाहेरून तोंडात येणारी अनोळखी कडू वस्तू तिच्या शरीराला पेलेलच असं खरोखरच नसतं. कोणती गोळी द्यायची ते पशुवैद्य ठरवतील, आणि ती नीट पोटात जाईल एवढं आपण पाहायचं.

आजीला हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी कोनाडा पाहिला तर तिची गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी तिथं नव्हती. तिनं ती झाकणाच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवली होती.